चाकातलं शिसं

आमच्या प्रताप नगरच्या घराशेजारचा प्लॉट मोकळा होता. मालक भोपाळला राहायचा. त्याने पायव्यासाठी काळा दगड आणून टाकला होता, पण बांधकाम सुरू केलं नव्हतं. पुरुषभर उंचीचा तो ढीग दोन वर्षं तसाच पडून होता. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीचा एक अख्खा उन्हाळा माझे बाबा रोज सकाळी सहा वाजता त्या ढिगासमोर स्टूल टाकून बसायचे आणि रेडिओवर चालणारी एक खेळण्यातली जीप त्याच्यावर चढवायचा प्रयत्न करायचे. ती उलटी पडायची. ते उठून ती सरळ करायचे, वहीत काहीतरी लिहायचे आणि पुन्हा सुरुवात करायचे. ऊन तापून डांबर मऊ व्हायला लागलं की आई मला म्हणायची, "जा वं, त्याइले आत आण."

कोपऱ्यावरच्या टपरीतले लोक हसत. पंचावन्न वर्षांचा, खाणीत ओव्हरमन राहिलेला माणूस खेळण्याशी खेळतो म्हणून. मला त्यांचा राग यायचा, पण मलाही बाबांची भीती वाटायला लागली होती. ते जेवता जेवता थांबायचे. कुणी दारावर टकटक केलं की त्यांचा चेहरा पांढरा पडायचा. आम्ही दाराला घंटी बसवून घेतली, तरी दूधवाला सवयीने कडीच वाजवायचा.

बाबांनी निवृत्तीला तीन वर्षं असतानाच नोकरी सोडली होती. कारण सगळ्यांना माहीत होतं. नागपूरहून बसने तासाभरावरच्या कोळशाच्या खाणीत, त्यांच्या पाळीत, छत कोसळलं होतं. ओव्हरमन म्हणजे पाळीतल्या माणसांची जबाबदारी ज्याच्यावर असते तो. छताला लाकडी टेकू लावणारा मिस्त्री हा त्यांचा सगळ्यात जुना मित्र. दोघं एकाच वर्षी खाणीत लागले होते, कॉलनीत आमची क्वार्टरं भिंतीला भिंत लागून होती, आणि आम्ही भावंडं त्यांना काका म्हणायचो. त्या दिवशी काका टेकू तपासायला पुढे गेले. छताचा आवाज त्यांना बरा वाटला नाही. त्यांनी मागच्या अकरा माणसांना ओरडून परत पाठवलं आणि स्वतः निघणार तेवढ्यात मधला भाग खाली आला. काका पलीकडे राहिले.

दोन दिवसांनी दगड बाजूला करून लोक तिथपर्यंत पोचले, तेव्हा काका गेलेले होते. बाबांनी काकूंना सांगितलं, "वहिनी, त्याले काही समजलंच नसल. छत पडलं तेव्हाच सगळं संपलं." मी तिथेच उभी होते.

पुढे काकूंना त्याच खाणीत, लॅम्परूममध्ये, नोकरी लागली. खाली जाणाऱ्या प्रत्येक माणसाच्या हातात दिवा द्यायचा आणि वर आला की परत घ्यायचा, हे त्यांचं काम. बाबांनी राजीनामा दिला आणि आम्ही प्रताप नगरच्या अर्धवट बांधलेल्या घरात राहायला आलो. मी टेलिफोन खात्यात ऑपरेटर होते, माझी ड्यूटी दुपारची असायची. म्हणून त्या सकाळी मला पाहता आल्या.

जीप माझ्या भावाने आणली होती. तो कुवेतला होता. घरात लहान मूल नव्हतं, त्यालाच ती आवडली म्हणून त्याने घेतली आणि सुट्टी संपल्यावर इथेच ठेवून गेला. पावाच्या दोन लाद्यांएवढी असेल. हातात एक डबी, तिला लांब एरियल आणि दोन दांड्या. एक दांडी पुढे-मागे, दुसरी उजवीकडे-डावीकडे. फरशीवर ती उंदरासारखी पळायची. भाऊ गेल्यावर आठवडाभराने बाबांनी ती उचलली, उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाले, "ही दगडावर चढते का पाहू."

चढली नाही. चाकं जागच्या जागी गरागरा फिरली, पुढचा भाग वर उचलला गेला आणि जीप पाठीवर पडली.

मला वाटलं, संपलं. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी जीपचं वरचं झाकण काढून टाकलं होतं. ती फार जोरात पळते म्हणून सीताबर्डीच्या एका घड्याळवाल्याकडून पितळी दातेरी चक्रं करून आणली आणि तिचा वेग इतका कमी केला की ती गोगलगाईसारखी चालायला लागली. प्लॅस्टिकचे दाते तुटायचे, हे पितळेचे तुटत नव्हते. तरी ती पडायचीच. मग त्यांनी ओझं ठेवायला सुरुवात केली. आधी लोखंडाचा तुकडा मधोमध, वरच्या बाजूला बांधला. जीप पहिल्याच दगडावर कलंडली. मग तो खाली, पोटाशी बांधला. तर स्प्रिंगा दबल्या आणि पोट दगडात अडकलं.

एका सकाळी मी चहा घेऊन गेले तर ते चारही चाकं काढून बसले होते. पुढ्यात राखाडी रंगाची एक पट्टी होती.

"हे काय आहे?"

"शिसं. तुमच्याच खात्याच्या जुन्या केबलचं. वरचं आवरण असते ना, ते. कबाड्याकडे भेटलं." त्यांनी पट्टी नखाने दाबून दाखवली, ती खरंच दबली. "आता हे चाकात घालतो. रबर काढायचा, रिमवर हे गुंडाळायचं, वरून रबर परत."

"चाकात काहून? चाक जड झालं तर ती अजूनच चढणार नाही."

कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच ते मला काही समजावून सांगायला लागले. "हे पाय, ओझं वर ठेवलं का गाडी उलटते. मधात ठेवलं का गाडी दबते. चाकात ठेवलं का ते गाडीच्या अंगावर येतच नाही, अन् जमिनीच्या सगळ्यात जवळ राहते. अन् पुढच्या चाकात जास्त पाहिजे. चढावर सगळा भार मागं सरकते, पुढचं टोक हलकं होते. तिथंच पकड सुटते."

किराणावाल्याकडून त्यांनी जुना लहान तराजू मागून आणला होता. डाव्या चाकातलं शिसं आणि उजव्या चाकातलं शिसं एका वजनाचं व्हावं म्हणून ते कात्रीने कातरत बसले. जरा फरक राहिला तरी जीप एका बाजूला ओढायची. पुढच्या चाकांत दीडशे-दीडशे ग्रॅम, मागच्यांत त्याच्या निम्म्याहून कमी. त्या दिवशी जीप तीन दगड चढली. तिसऱ्यावर मोटार इतकी तापली की जळका वास आला. बाबांनी वहीत लिहिलं, 'पुढे १५० जास्त होते. १३०?'

मला बरं वाटलं. माणूस कशात तरी रमला, असं मी आईला म्हटलं. आई तांदूळ निवडत होती. ती म्हणाली, "रमले नाही त्ये. त्या गाडीच्या मागं त्याइनं काय बांधलं ते पायलं का तू?"

मी पाहिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी पाहिलं. जीपच्या मागच्या हुकाला सलाईनची नळी बांधलेली होती, तुकड्याला तुकडा जोडून तीस-चाळीस फूट लांब केलेली. जीप ती नळी ओढत दगडांवरून जात होती. नळी दगडांत अडकायची, जीपला मागे खेचायची, आणि म्हणून पुढच्या चाकांत इतकं वजन लागत होतं. नळीचं दुसरं टोक बाबांच्या पायाशी, पाण्याच्या बादलीत होतं.

बाबा कोसळलेल्या दगडांपलीकडे पाणी पोचवत होते, हे मला तेव्हा समजलं. मी काही विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

काकू महिन्यातून एखाद्या रविवारी आमच्याकडे यायच्या. हातात पिशवी, पिशवीत कॉलनीतल्या झाडाची लिंबं नाहीतर शेवग्याच्या शेंगा. "जयभीम भाऊ," म्हणायच्या, बाबा "जयभीम वहिनी," म्हणायचे आणि त्यापुढे दोघांचं बोलणं आईच्या मार्फतच व्हायचं. त्या उन्हाळ्यात तोवर त्या दोनदा आल्या होत्या आणि दोन्ही वेळा प्लॉटच्या कडेला उभं राहून त्यांनी जीप पाहिली. त्यांना ती गंमत वाटली असावी. एकदा तर त्या हसल्यासुद्धा. "भाऊ, ही तर बकरीवानी चढते," म्हणाल्या.

मे महिन्याच्या शेवटी एका शनिवारी बाबा मला म्हणाले, "उद्या वहिनी आली तर तिले थांबवून ठेव. मले दाखवायचं आहे."

"बाबा, काय दाखवायचं आहे?"

"दाखवायचं आहे," एवढंच ते म्हणाले. मी त्यांना थांबवू शकले असते. आईला सांगू शकले असते. पण महिनोन्महिने खाली मान घालून वावरणारा माणूस काहीतरी पुरं करत होता, आणि मला ते पुरं झालेलं पाहायचं होतं. माझी चूक तिथे झाली.

रविवारी काकू आल्या. बाबांनी ढिगाच्या अलीकडे स्टूल टाकलं आणि पलीकडे एक रिकामा पितळी तांब्या ठेवला. ढिगाचा वरचा भाग त्यांनी जुन्या दाराच्या फळ्यांनी झाकला होता. दगड आणि फळ्या यांच्यात हात-दीड हात उंचीची फट होती. जीप त्या फटीतून जायची होती. मी पलीकडे उभं राहून काय दिसतं ते सांगायचं होतं.

जीप निघाली. चाकं एकेका दगडाला चाचपत, थांबत, पुन्हा पकड घेत वर चढली. फळ्यांखाली शिरल्यावर ती मला दिसेना, फक्त मोटारीची गुरगुर ऐकू येत होती. एकदा आवाज वाढला, म्हणजे चाक रिकामं फिरत होतं. बाबांनी दांडी मागे घेतली, जरा वळवली, परत पुढे केली. आणि मग माझ्या बाजूच्या फटीतून पुढची दोन चाकं बाहेर आली.

"आली बाबा," मी म्हणाले.

जीप उतारावरून खाली आली आणि तांब्याजवळ थांबली. बाबांनी नळीत तोंडाने पाणी फुंकून भरलं, टोक बादलीत बुडवलं आणि स्टुलावर उभं राहून बादली फळ्यांच्या वर उचलून धरली. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग नळीतून पाण्याचा बारीक धागा तांब्यात पडायला लागला.

बाबांनी बादली खाली ठेवली आणि स्टुलावर बसले. कुणाकडेही न पाहता ते म्हणाले, "गेलं असतं. पाणी गेलं असतं."

काकू माझ्या बाजूला उभ्या होत्या. त्यांनी तांब्याकडे पाहिलं, फळ्यांकडे पाहिलं, त्या फटीकडे पाहिलं. ती बाई खाणीच्या कॉलनीत वाढलेली होती. तिला कुणी काही समजावून सांगायची गरज नव्हती.

"भाऊ," त्या म्हणाल्या, "तुम्ही तर म्हणे त्याइले काही समजलंच नाही. मंग पाणी कोणाले पाजून राहिले तुम्ही?"

बाबा नळी गुंडाळायला लागले.

"अन् जाऊ शकत होतं, हे मले आता काहून दाखवता? मी काय करू त्याचं?"

आवाज चढलेला नव्हता. त्यांनी पिशवी घेतली, आत जाऊन आईला "येतो वं बाई," म्हटलं आणि त्या बसस्टॉपकडे निघाल्या. मी मागे धावले. त्यांनी हातानेच मला परत जायला सांगितलं.

त्यानंतर काकू आल्या नाहीत. बाबांनी ढिगाकडे जाणं बंद केलं. पावसाळ्यात त्यांनी खाणीच्या ऑफिसला एक पत्र लिहिलं, सोबत आकृत्या जोडल्या. एक तरुण साहेब खरंच घरी आला. भला माणूस होता. त्याने जीप पाहिली, चाकं हातात घेऊन तोलली, शिशाची कल्पना चांगली आहे म्हणाला. मग त्याने सांगितलं की दगडांच्या एवढ्या जाड थरातून रेडिओ पोचत नाही, आणि अशी मोटार ठिणगी टाकते. खाली गॅस असला तर ती ठिणगी सगळ्यांना घेऊन जाईल.

"मले माहीत आहे," बाबा म्हणाले. "रेडिओच्या जागी तार लावता येते. मोटार डबीत बंद करता येते."

"करता येईल हो. पण त्याला वेळ लागेल, माणसं लागतील."

"हव. लागल."

साहेब चहा पिऊन गेला. पुढे काही झालं नाही, आणि बाबांनीही पुन्हा लिहिलं नाही.

दिवाळीच्या आसपास त्यांना ताप आला. औषधांनी ताप उतरला, पण ते उठेनात. एका दुपारी माझी सुट्टी होती आणि आई बाजारात गेली होती. मी त्यांच्यासाठी पेज घेऊन गेले तर ते भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "तो वाजवून राहिला होता."

मी वाटी खाली ठेवली.

"पाइपावर. दगडानं वाजवत असल. मी इकडून वाजवलं, त्यानं तिकडून वाजवलं. तीन तास." ते थांबत थांबत बोलत होते. "पाळीतले सगळे जाऊ म्हणत होते. वरून फट होती, एक माणूस सरपटत गेला असता. छत बोलून राहिलं होतं, कडकड आवाज येत होता. मी म्हटलं कोणी जायचं नाही. दोघं तर चढलेच होते, त्याइले मी पाय धरून खाली ओढलं. मॅनेजर आला, तोही म्हणे बरोबर केलं. मंग दुपारी दुसऱ्यांदा छत पडलं. त्याच्यानंतर आवाज नाही आला."

"ते दोघं गेले असते तर तेही मेले असते बाबा."

"हव. पण तो तीन तास वाट पाहत होता. मी इकडून वाजवत होतो ना, म्हणून पाहत होता."

मी बराच वेळ त्यांच्या पाठीवर हात ठेवून बसले. मग म्हटलं, "हे काकूंना सांगा."

"नाही सांगू शकत."

"त्यांना अर्धं समजलंच आहे. अर्धं समजणं जास्त वाईट आहे."

पंधरा दिवसांनी, अंगात थोडी ताकद आल्यावर, ते स्वतःच म्हणाले, "चाल." आम्ही बसने गेलो. नोकरी सोडल्यापासून ते त्या रस्त्याने गेले नव्हते. कॉलनीच्या फाट्यावर उतरल्यावर ते पाच मिनिटं एका पुलाच्या कठड्यावर बसले. येणारेजाणारे त्यांना नमस्कार करत होते. एकाने तर वाकून पाय धरले. बाबांनी पाय मागे घेतले.

काकू नुकत्याच ड्यूटीवरून आल्या होत्या. आम्हाला पाहून त्यांनी दार उघडलं, खुर्ची पुढे केली आणि स्वतः खाली बसल्या. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, त्याच्या शेजारी काकांचा. बाबा खुर्चीवर बसले नाहीत. ते काकूंसमोर जमिनीवर बसले आणि मला सांगितलं होतं ते सगळं, त्याच क्रमाने, एकही गोष्ट न गाळता त्यांनी सांगितलं. पाय धरून ओढलं तेही सांगितलं. किती तास ते सांगितलं.

काकू ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, "तीन तास नाही. साडेतीन."

बाबांनी वर पाहिलं.

"मी लॅम्परूममध्ये बसतो भाऊ. रोज तीनशे माणसं माह्या खिडकीवर येतात. मले कोणी सांगितलं नसल असं वाटलं तुम्हाले? पहिल्याच महिन्यात समजलं." त्यांनी पदराने तोंड पुसलं. "ज्या दोघाइले तुम्ही ओढलं ना, त्यातल्या एकाची बायको येते माह्याकडे. माह्या पाया पडते. मी तिले काय म्हणू? तुहा नवरा वाचला म्हणून खुश होऊ? मले समजत नाही. मी तिले चहा करून देतो."

"मी चुकलो वहिनी."

"तसं नका म्हणू. तुम्ही चुकले म्हटलं तर मले तिच्याशी बोलता येणार नाही. मले राग त्याचा नाही. तुम्ही माह्यासमोर खोटं बोलले अन् मंग घरी येऊ देत राहिले, त्याचा आहे. मी दर वेळी येऊन पाहत होतो, आज बोलतात का, उद्या बोलतात का. तुम्ही गाडी दाखवली."

बाबा रडले. मी त्यांना रडताना त्याआधी पाहिलं नव्हतं. काकूंनी त्यांची समजूत घातली नाही. त्या उठल्या, स्टोव्ह पेटवला, आणि माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, "वं, तिकडून कप घे."

निघताना त्यांनी दारात बाबांना सांगितलं, "येत जा भाऊ. पण त्याइच्याबद्दल आता बोलू नका. मी बोलली तर बोला."

परतीच्या बसमध्ये गर्दी नव्हती. कामठी मागे पडल्यावर बाबांनी मला विचारलं, "तुले काय वाटते? जाऊ द्यायला पाहिजे होतं का मी?"

त्या दोघांची तोंडं मला माहीत होती. काकांचंही. मी म्हणाले, "मला माहीत नाही बाबा."

त्यांनी मान हलवली आणि खिडकीकडे तोंड वळवलं. मला वाटतं, मी दुसरं काही म्हटलं असतं तर त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला नसता.

पुढची नऊ वर्षं, ते होते तोपर्यंत, दर महिन्याच्या एका रविवारी बाबा कॉलनीत जात राहिले. कधी आई सोबत असायची, कधी मी. बोलणं व्हायचं ते बसच्या वेळांचं, काकूंच्या ड्यूटीचं, शेवग्याच्या झाडाला लागलेल्या अळीचं. काकूंनी काकांचा विषय त्या नऊ वर्षांत दोनदा काढला. दोन्ही वेळा त्यांनी विचारलं तेवढ्याचंच उत्तर बाबांनी दिलं.